रबराचं वय

जुनी गाडी म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: किती पळालीय? मालकही ऐटीत सांगतो, “फक्त चाळीस हजार. घर ते बाजार, बाजार ते घर.” वीस वर्षांच्या मारुती ८०० बद्दल हे उत्तर आलं तर हरखून जाऊ नये, उलट जरा काळजीच करावी. तिचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन वेळच्या वेळी ऑइल मिळालं तर लाखभर किलोमीटर कुरकुर न करता ओढतं. म्हातारं होतं ते रबर. त्याला किलोमीटर कळत नाहीत, उन्हाळे कळतात.

१९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली ही गाडी २०१४ च्या जानेवारीत बनायची थांबली. म्हणजे सगळ्यात धाकट्या ८०० नेही दहाच्या वर उन्हाळे सोसलेत.

सकाळी इंजिन थंड असताना बॉनेट उघडावं आणि रेडिएटरचा वरचा होज पाईप चिमटीत दाबून बघावा. दबून लगेच पूर्ववत झाला तर ठीक. आत काहीतरी करकरलं किंवा पाईप भिजलेल्या पावासारखा मऊ लागला तर त्याचे दिवस भरलेत. क्लॅम्पच्या कडेला फुगवटा दिसला तरी तेच. एक गेला की दुसऱ्याची पाळी येतेच, त्यामुळे वरचा, खालचा आणि हीटरचे दोन असे सगळे पाईप नव्या क्लॅम्पसकट एकदमच बदलावेत. मग इंजिन गार ठेवणारं कूलंट भरायचं. पाणी न मिसळलेलं घट्ट कूलंट असेल तर त्यात डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी मुळीच नको, गीझरच्या कॉइलवर चढतो तसा पांढरा थर रेडिएटरच्या नळ्यांत चढतो. हीटरचा खटका पूर्ण गरमवर ठेवून, झाकण उघडंच ठेवून इंजिन चालू करावं. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम झाल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारी झडप, उघडला की बुडबुडे येतात, पातळी झपकन खाली जाते. तेवढी भरून मगच झाकण लावायचं. हवा आत राहिली तर नव्या पाईपांची गाडीही तापते.

थर्मोस्टॅट काढूनच टाका, गाडी तापणार नाही, असा सल्ला हमखास मिळतो. ऐकू नये. इंजिन मग नीट गरमच होत नाही, पेट्रोल जास्त पितं आणि ऑइल लवकर काळं पडतं.

खंबाटकी घाट चढताना काटा वर सरकायला लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करावा. मे महिन्यात हा जाच वाटतो, पण तेवढी उष्णता इंजिनातून बाहेर निघते. तरी काटा उतरला नाही तर बाजूला थांबून इंजिन बंद करावं, बॉनेट उघडावं आणि अर्धा तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणं तर त्याहून वाईट. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं असतं, ते वाकतं आणि त्याच्याखालची सील करणारी पट्टी, हेड गास्केट, उडतं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा साका दिसला तर बहुधा ते झालेलंच आहे.

पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला ड्राइव्ह शाफ्टवर, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्यावर, त्याचा सांधा (जॉइंट) झाकणारे घड्या-घड्यांचे रबरी बूट असतात. बूट फाटला की ग्रीस उडून रिमच्या आतल्या बाजूला काळे शिंतोडे पडतात, मग आत खडी-माती शिरते, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून निघालं की कटकट कटकट ऐकू येतं. शिंतोडे दिसले तेव्हाच थांबलं तर नुसत्या बुटावर भागतं. कटकट सुरू झाल्यावर जॉइंटचा खर्च.

कार्बोरेटरवाल्या ८०० ला आता नवंच दुखणं जडलंय. पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि त्या काळचं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. पेट्रोलचे पाईप आणि गाडीतल्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा रबरी पडदा फुगतो, चिरतो. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर ‘जुनी आहे, येणारच’ म्हणून सोडून देऊ नये. शेजारीच तापलेला एक्झॉस्ट असतो. इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे महिनोन् महिने टाकी भरून उभी ठेवणंही वाईट.

टायरची नक्षी शाबूत दिसते म्हणून फसू नये. टायरच्या कुशीवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षं झाली आणि कुशीला बारीक भेगा पडल्या की तो टायर स्टेपनीत ठेवायच्याही लायकीचा नाही. इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडणाऱ्या टायमिंग बेल्टचंही तसंच, फक्त तो झाकणाआड असल्याने कुणाला आठवत नाही. कधी बदलला ते मालकाला सांगता आलं नाही तर बदललाच नाही असं धरून चालावं.

पावसाळ्यात दारांचं रबर उघडं पडतं. काचेची पट्टी कडक झाली की पाणी दाराच्या पोटात उतरतं. ते बाहेर जावं म्हणून दाराच्या खालच्या कडेला भोकं ठेवलेली असतात. ती चिखलानं बुजतात, पाणी तिथेच मुरतं आणि पत्रा आतून सडत येतो. वर रंगाचा फोड दिसेपर्यंत कळतसुद्धा नाही. ब्रेक मारल्यावर दारातून खळखळ ऐकू आली की सायकलचा जुना स्पोक घ्यावा आणि भोकात हळूच फिरवावा. पेलाभर तांबूस पाणी अंगणात ओघळतं.