दाट पाणवनस्पतींतल्या बाससाठी रॉड आणि रील : तिसऱ्या हंगामाची नोंदवही

पहिला आठवडा

मागील दोन हंगामांच्या वह्या उघडून सुटलेल्या माशांच्या नोंदी वाचल्या, तेव्हा जवळजवळ सगळे बास गळाला लागल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन सेकंदांतच गेले होते, असे दिसले. उघड्या पाण्यात लार्जमाउथ बासला थोडी दोरी देऊन, दमवून आणता येते. हायड्रिला, मिलफॉइल किंवा कमळपानांच्या गर्दीत मात्र तो डोके खाली घालून थेट देठांत शिरतो, दोन-चार देठांना वेढा घालतो आणि मग दोरीच्या टोकाला मासा आहे की नुसते गवत, हेच कळेनासे होते. म्हणून या हंगामात सामान निवडताना मी एकच कसोटी ठेवली आहे : गळ रुतवायला हिसका दिल्यापासून तीन सेकंदांत माशाचे डोके वर काढून त्याला गवताच्या थरावर आणता आले पाहिजे. या कसोटीला उपयोगी न पडणारे गुण, मग ते जाहिरातीत कितीही ठळक छापलेले असोत, मी मोजणार नाही.

पहिल्या हंगामात माझ्याकडे साडेसहा फुटांचा मीडियम स्पिनिंग रॉड आणि १२ पौंडी नायलॉनची दोरी होती. वीस मीटरवर दिलेला हिसका निम्मा दोरीच्या ताणातच जिरत असे आणि उरलेला रॉडच्या वाकण्यात. दुसऱ्या हंगामात मी दुसऱ्या टोकाला गेलो आणि ७ फूट ११ इंचांचा एक्स्ट्रा हेवी रॉड घेतला. दोन्ही वेळा मासे सुटले, पण दुसऱ्या वेळी ते का सुटतात हे समजायला मला वर्षभर लागले.

तिसरा आठवडा

ते कारण आज स्पष्ट दिसले. मी कायाकमध्ये बसून मासेमारी करतो. पोकळ अंगाचा रबरी बेडूक, म्हणजे बेडकाच्या आकाराचे आमिष, गवतावरून डावी-उजवीकडे चालवायचा असेल, तर रॉडचे टोक खाली ठेवून, ढिल्या दोरीवर मनगटाने छोटे छोटे झटके द्यावे लागतात. बसलेल्या माणसाच्या हातातला ७ फूट ११ इंचांचा रॉड प्रत्येक झटक्याला पाण्यावर आपटतो, म्हणून मी नकळत टोक वर धरू लागलो होतो. टोक वर असले की बेडूक चालत नाही, तो पुढे ओढला जातो. शिवाय मासा धडकतो त्या क्षणी रॉड आधीच वर असल्यामुळे हिसक्याला जागाच उरत नाही.

दुसरा दोष टोकाच्या ताठपणाचा होता. पॉवर आणि ॲक्शन हे दोन शब्द आपण बोलताना बरेचदा एकत्र कालवतो. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो आणि ॲक्शन म्हणजे तो कोठे वाकतो. बेडकाला हेवी पॉवर लागते यात वाद नाही, परंतु वरचा साधारण पाव भाग थोडा तरी नमला पाहिजे, नाहीतर १४ ते १८ ग्रॅम वजनाचा बेडूक रॉडला भारच देत नाही आणि फेक तोकडी पडते. त्याहून वाईट असे की, काठीसारखे ताठ टोक माशाच्या तोंडात धड न गेलेला बेडूक तत्काळ खेचून बाहेर काढते. हेवी पॉवर आणि फास्ट ॲक्शनचा, म्हणजे टोकाकडे वाकणारा, ७ फूट ३ इंचांचा रॉड मी एका मित्राकडून आठवडाभरासाठी मागून आणला. दुकानात रॉड हलवून पाहण्याला मी आता फारसे महत्त्व देत नाही. त्याऐवजी एक किलो पाण्याची बाटली दोरीला बांधली आणि मूठ ४५ अंशांवर धरून ती हळूहळू उचलली. टोक लवले, मधला भाग किंचित वळला आणि खालचा निम्मा भाग जागचा हलला नाही. मला हवा असलेला आकार हाच होता.

त्या आठवड्यात बेडकावर नऊ धडका आल्या आणि पाच मासे कायाकमध्ये आले. यात माझ्या हाताचाही वाटा आहे, कारण पाणी फुटल्याबरोबर हिसका देण्याची सवय मी याच आठवड्यात मोडली. माशाचे वजन दोरीवर जाणवेपर्यंत, म्हणजे एक-दोन सेकंद, थांबायचे, तोवर टोक त्याच्या दिशेने खाली न्यायचे आणि मगच पूर्ण ताकदीने वर. हे लिहायला सोपे आहे. करताना दर वेळी छाती धडधडते.

पाचवा आठवडा

आता रील. गवतासाठी बेटकास्टिंग रील, म्हणजे रॉडच्या वर बसणारे आणि फेकताना ज्याचे स्पूल फिरते असे रील, घ्यावे, याबद्दल आपल्या मंडळींत फारसे दुमत नाही. जाड ब्रेड (विणलेली दोरी), आवळलेला ड्रॅग (जोराच्या ओढीला दोरी सुटू देणारा रीलचा ब्रेक) आणि सरळ रेषेत ओढ या तिन्ही गोष्टी त्याला मानवतात. गिअरच्या गुणोत्तरावर, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल किती वेळा फिरते यावर, मात्र आपण अखंड बोलतो आणि स्पूलचा, म्हणजे दोरी गुंडाळायच्या चकरीचा, व्यास विसरतो. मी कॅलिपर घेऊन बसलो. माझे स्पूल दोरीने पूर्ण भरलेले असताना त्याचा व्यास ३२ मिलिमीटर आहे, म्हणजे परीघ सुमारे १०० मिलिमीटर. गुणोत्तर ७.४:१ असेल, तर हँडलच्या एका फेऱ्यात साधारण ७४ सेंटिमीटर दोरी आत येते. गेल्या वर्षी तेच स्पूल मी अर्धवट भरले होते आणि व्यास २७ मिलिमीटर होता. त्याचा हिशेब ६३ सेंटिमीटर येतो, म्हणजे पूर्ण भरलेल्या ६.३:१ च्या रीलइतका. वेगवान रीलचे पैसे मोजून मी वर्षभर संथ रील वापरले!

वेगाची किंमत जोरात द्यावी लागते, हेही आकडेमोडीत दिसते. घर्षण बाजूला ठेवले, तर हाताचा जोर गुणिले हँडलच्या भुजेची लांबी, भागिले गुणोत्तर आणि स्पूलची त्रिज्या यांचा गुणाकार, इतकी ओढ दोरीवर येते. माझे हँडल टोकापासून टोकापर्यंत ९० मिलिमीटर आहे, म्हणून भुजा ४५. स्पूलची त्रिज्या १६ धरली, तर ७.४ ला हाताच्या जोराचा ३८ टक्के भाग दोरीवर पोहोचतो आणि ८.१ ला ३५ टक्क्यांच्या आसपास. तेच ८.१ चे रील १०० मिलिमीटरच्या हँडलने फिरवले, तर आकडा पुन्हा ३८ ते ३९ टक्क्यांवर येतो. याचा अर्थ असा की, वाढीव वेगामुळे गेलेला जोर दहा मिलिमीटर लांब हँडल परत देते. बेडकामागे ढिली दोरी चटकन गोळा करायची असल्यामुळे मला वेग हवाच आहे. म्हणून ८.१ चे रील घेऊन त्याला लांब हँडल बसवायचे ठरवले आहे.

दोरी किती मीटर मावते, या आकड्याकडे पाहण्याची गरज वाटली नाही. गवतात फेक वीस-पंचवीस मीटरची असते आणि मासा दोरी घेऊन पळत नाही, तो खाली घुसतो.

सहावा आठवडा

आजचा दिवस वाया गेला आणि चूक सर्वस्वी माझी होती. सकाळी ६५ पौंडी ब्रेड नव्याने भरली, पण घाईत हलक्या हाताने गुंडाळली. पहिलाच मासा गवतातून जोर लावून काढला, तेव्हा वरचा फेर खालच्या सैल थरांत रुतून बसला. मला ते दिसले नाही. पुढच्या फेकीत रुतलेला फेर अडकला, स्पूल मध्येच थांबले, दोरी फटकन तुटली आणि बेडूक एकटाच उडत जाऊन पाणकणसांच्या पलीकडे पडला.

घरी आल्यावर सर्व ब्रेड काढली. तळाला काही फेरे नायलॉनचे दिले, कारण ब्रेड गुळगुळीत धातूच्या स्पूलवर थेट बांधली, तर जोराच्या ओढीला तिचा अख्खा गुंडा स्पूलभोवती घसरतो आणि आपल्याला ड्रॅग सुटल्याचा भास होतो. मग ओल्या फडक्यात दाबून, चांगला ताण देऊन दोरी पुन्हा भरली. आता प्रत्येक मोठ्या माशानंतर तीस मीटर दोरी ओढून काढतो आणि ताणून परत गुंडाळतो. बेडकासाठी ५० ते ६५ पौंडी ब्रेड मला पुरेशी वाटते. त्याहून जाड घेण्याचे कारण माशाचे वजन हे नसते, बारीक दोरी स्पूलमध्ये जास्त रुतते आणि देठांवर घासून लवकर विसविशीत होते, एवढेच असते. ब्रेडचे पॉलिएथिलीनचे धागे पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे ती गवतावर तरंगते आणि ताणाखाली कोवळे देठ करवतीसारखे कापत जाते. फ्लोरोकार्बनची दोरी पाण्यापेक्षा बरीच जड असते, ती बुडून देठांमध्ये उतरते, म्हणून बेडकापुढे मी तिचा लीडर, म्हणजे ब्रेड आणि आमिष यांच्यामधला जोडतुकडा, बांधत नाही. गाठ पालोमारची. अडकलेली ब्रेड हाताला गुंडाळून ओढू नये, हे मला तळहातावरच्या व्रणाने शिकवले आहे.

नववा आठवडा

दोरी टोकापासून मीटरभर अंतरात सारखी पिंजत होती आणि मी दोष दोरीला देत होतो. शेवटी कापसाचा बोळा प्रत्येक गाइडमधून, म्हणजे रॉडवरच्या दोरी ओवायच्या प्रत्येक कडीतून, फिरवला. टोकाच्या गाइडमध्ये कापसाचे तंतू अडकले. सिरॅमिकच्या कड्याला डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकी चीर होती, बहुधा रॉड गाडीत आडवा टाकल्याने पडलेली. टोक बदलले, पिंजणे थांबले. रॉड विकत घेतानाही ही कापसाची तपासणी करावी, जुना रॉड घेणाऱ्यांनी तर नक्कीच.

अकरावा आठवडा

गवताचा थर आता इतका जाड झाला आहे की बेडूक वर नाचतो आणि खालच्या माशाला त्याचा पत्ताही लागत नाही. थराखाली मात्र सावली असते आणि देठांमध्ये पोकळ जागा असतात. तेथे पोहोचण्यासाठी टंगस्टनचे ४२ ग्रॅमचे वजन, त्यामागे आखूड रबरी आमिष आणि सरळ दांड्याचा ४/० हुक, असा साज बांधून थर फोडावा लागतो. टंगस्टन शिशापेक्षा घन असल्यामुळे तेवढ्याच वजनाचा तुकडा लहान राहतो आणि लहान भोकातून खाली जातो. याच कामासाठी माळ्यावर टाकलेला ७ फूट ११ इंचांचा एक्स्ट्रा हेवी रॉड मी पुन्हा खाली काढला. येथे आमिष चालवायचे नसते, ते उभे सोडायचे आणि मासा उभाच उचलायचा, म्हणून टोकाचा ताठपणा येथे उपयोगी पडतो आणि लांबीमुळे बसूनही मासा कायाकपासून दूर, सरळ वर काढता येतो.

लांब काठीने आमिष अलगद खाली सोडण्याची ही कल्पना जुनीच आहे. कॅलिफोर्नियातील डी थॉमस यांनी उंच टूली गवतात लांब काठ्यांनी चालणारी पद्धत रॉड आणि रीलवर आणली आणि १९७५ मध्ये बुल शोल्स तलावावरील स्पर्धा त्याच पद्धतीने, म्हणजे फ्लिपिंगने, जिंकली. त्यांच्या रॉडची लांबी साडेसात फूट होती आणि आजही गवतासाठीच्या रॉडची यादी बरेचदा तेथूनच सुरू होते.

काल संध्याकाळी चौथ्या भोकात वजन खाली गेले, तळाला टेकले आणि वर उचलताना दोरी नुसतीच जड लागली. हिसका दिला, तर मासा हलण्याऐवजी कायाकच पुढे सरकला आणि थेट थरावर चढला. मी ओढत राहिलो नाही. दोरी ताठ ठेवून कायाक त्या जागेवर सरकू दिला आणि मोकळ्या हाताने गवत उपसत गेलो. हायड्रिलाच्या भाऱ्यातून आधी शेपूट दिसले. मासा १.९ किलो भरला. भारा त्याच काट्याला अडकवला, तर तो २.६ किलो निघाला. मासा पाण्यात सोडला, भारा मांडीवर घेऊन हुक शोधत बसलो, तोवर अंधार पडला.

लांब हँडल अजून आलेले नाही.