आमची वाटचाल : भिंत रंगवली, ओल तशीच

धंदा सुरू केला तेव्हा 'आम्ही' म्हणजे मी एकटाच होतो. खांद्यावर कापडी पिशवी, तिच्यात पक्कड, दोन पाने, स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, कानस, टेफ्लॉन टेप आणि एक जुनं ड्रिल मशीन. गळका नळ, घासणारं दार, तुंबलेलं सिंक, भिंतीवर ठोकायची फळी, न बसणारी कडी. ज्या कामाला 'एवढ्याशासाठी कोण येणार' असं उत्तर मिळतं, ती सगळी कामं आमची. हातात कसब होतं आणि तेवढ्यावर धंदा चालेल अशी माझी खात्री होती.

ती खात्री एका भिंतीने मोडली. एका घरात भिंतीला जमिनीपासून गुडघाभर पोपडे आले होते. मी खरवडलं, पुट्टी भरली, प्रायमर मारला, रंगाचे दोन हात दिले. भिंत नवी दिसायला लागली, पैसे घेऊन मी निघालो. दोन महिन्यांनी काकूंचा फोन आला. गेलो तर त्या काही न बोलता भिंतीपाशी घेऊन गेल्या. रंगाला टपोरा फुगा आला होता. त्यांनी तो बोटाने दाबला आणि पाण्याचा ओघळ खाली आला. "दादा, तुम्ही रंग छान दिलात. पण पाणी कुठून येतंय ते पाहिलंतच नाही."

भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर होतं. पहिल्या खेपेला मी तिथे डोकावलोही नव्हतो. त्या दिवशी घरातले सगळे नळ बंद केले आणि पाण्याच्या मीटरवर डोळा ठेवून उभा राहिलो. काटा हळूहळू सरकत होता. भिंतीतल्या पाइपाचा एक जोड पाझरत होता. जोड बदलला, भिंत काही आठवडे उघडी ठेवून पुरती सुकू दिली आणि मग पुन्हा रंगवली. त्याचे पैसे घेतले नाहीत. ते घेण्यासारखे नव्हतेच.

तेव्हापासून आमचा नियम आहे : पहिली पंधरा मिनिटं हत्यार बाहेर काढायचं नाही. आधी बघायचं, विचारायचं, हात लावून पाहायचा. दार खाली घासतंय म्हणून लगेच रंधा मारायला जायचं नाही. पुष्कळदा वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल झालेले असतात आणि दार कलतं. भोक मोठं झालं असेल तर त्यात गोंद लावलेली लाकडी खुंटी ठोकून नवा स्क्रू घेतला की दार मूळ जागेवर येतं. रंधा मारला असता तर दार कायमचं आखूड झालं असतं. कमोडच्या टाकीतून पाणी झिरपतंय का, हे टाकीत खाण्याच्या रंगाचे थेंब टाकले की कळतं. फ्लश न करता अर्ध्या तासात भांड्यात रंग उतरला, तर गळती तळाच्या रबरात आहे. नळाचं वॉशर वारंवार जात असेल तर वॉशरला दोष देण्याआधी ते ज्यावर बसतं ती पितळी कड बोटाने चाचपायची. तिथे चर पडलेला असला की नवं वॉशरही लवकरच कापलं जातं.

हाताखाली मुलं आली तेव्हा शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागला तो टाइलला भोक पाडणं. खूण केल्यावर चिकटपट्टी लावायची, म्हणजे बिट घसरत नाही. मशीनचा ठोका बंद, वेग कमी, टाइलचं बिट, मधूनमधून पाणी. टाइल पार झाल्याचं हाताला कळतं, आवाज बदलतो. मग मागच्या विटेसाठी भिंतीचं बिट. सहा मिलिमीटरच्या गिट्टीला, म्हणजे भोकात बसून स्क्रू धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या नळीला, सहाचंच बिट लागतं. आठचं घातलं तर गिट्टी सैल राहते आणि आज टांगलेला आरसा कधीतरी खाली येतो. आणि स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा सरळ खाली भोक पाडायचंच नाही, कारण वायरी बहुधा तिथूनच गेलेल्या असतात. टेस्टरचंही तसंच : आधी चालू पॉइंटवर लावून बघायचा, मग बंद केलेल्या, मग पुन्हा चालू. टेस्टरच बिघडला असेल तर तो जिवंत तारेलाही 'बंद' म्हणतो. यात मी कोणाला सूट देत नाही.

पैशांचं गणित मात्र मला बरीच वर्षं उमगलं नव्हतं. दिवसभर राबूनही महिनाअखेरीला हातात काही उरत नसे. शेवटी एका वहीत महिनाभर रोजचा वेळ लिहिला. महिन्याचे 200 तास कामात जात होते, पण गिऱ्हाइकाच्या घरी प्रत्यक्ष हात चालत होता तो 120 तास. बाकीचे 80 जाण्यायेण्यात, सामान आणण्यात, फोनवर आणि नुसतं बघून येण्यात. घरखर्च, हत्यारांची झीज, प्रवास हे सगळं मी 200 ने भागून दर काढत होतो. भागायचं होतं 120 ने. माझा दर हवा त्याच्या तीन पंचमांश होता! दर वाढवताना छाती धडधडली होती. काही गिऱ्हाइकं सोडून गेली, पण ज्यांना काम नीट हवं होतं ती राहिली.

सामानावरच्या नफ्यातही अशीच फसगत होते. खरेदीवर 20 टक्के चढवले की विक्रीतला आपला वाटा 20 नव्हे, 16.67 टक्केच असतो. एखादी वस्तू खराब निघाली आणि ती बदलायला खेप पडली, की तेवढा नफा त्या खेपेतच जातो.

आता काम घेण्याआधी कागद देतो. काय करणार, काय करणार नाही, सामान कोण आणणार, मजुरी किती, आगाऊ किती, आणि भिंत फोडल्यावर आत वेगळंच निघालं तर काय. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक कुरबुरी तिथेच होतात. आत काही निघालं की हात थांबवायचा, फोटो काढायचा, गिऱ्हाइकाला बोलवायचं आणि वाढीव रक्कम ठरल्यावरच पुढे जायचं. घराची मेन लाइन, गॅसची पाइप आणि भार पेलणारी भिंत ही कामं आम्ही घेत नाही. त्याचे परवानाधारक कारागीर ओळखीचे आहेत, त्यांचा नंबर देतो. या नकारामुळे कोणी तुटलं नाही. उलट पुढची छोटी कामं आमच्याकडेच येतात.

आज आम्ही तिघे आहोत आणि पिशव्याही तीन. प्रत्येकीत तीच हत्यारं, त्याच जागी, झाकणाच्या आतून यादी चिकटवलेली. घर सोडण्याआधी यादीवर बोट ठेवून मोजायचं. काकूंकडे अजून जातो. गेल्या महिन्यात त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ गळत होता. आमच्यातला धाकटा एकटाच गेला होता. परत आल्यावर त्याने मला आधी सांगितलं ते हे, की मीटर पाहिला, काटा हलत नाही.