टाळ वाजत ठेवायचा

वारीत आजाराचं नाव कुणी विचारत नाही. गाव कुठलं, कितवी वारी, एवढं झालं की चौकशी संपली. सासवडला डोक्यावरचा पदर घसरला आणि माझे बोटभर उंचीचे केस दिसले, तर शेजारच्या मावशी म्हणाल्या, "तिरुपतीला गेलतीस व्हय?" मी हो म्हटलं.

केस केमोत गेलेले. स्तनाचा कॅन्सर. ऑपरेशन, केमो, रेडिएशन यात वर्ष सरलं. घरी येणारा प्रत्येक जण 'पॉझिटिव्ह राहा' म्हणून चहा पिऊन जायचा. देव्हाऱ्यातल्या विठोबाशी माझं बोलणं बंद होतं. जाऊबाईंनी मला न विचारता दिंडीत दोघींची भिशी, म्हणजे जेवणा-मुक्कामाची वर्गणी, भरली, म्हणून मी निघाले.

डॉक्टरांनी अटी घातल्या. पाणी उकळलेलं किंवा बाटलीबंद. नदीत उतरायचं नाही. डाव्या काखेतल्या गाठी काढलेल्या, त्या हातानं ओझं उचलायचं नाही, त्यात सुई टोचून घ्यायची नाही. दमलं की मुकाट्यानं दिंडीच्या ट्रकमध्ये. आणि पाय सांभाळायचे. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधानं तळपायांच्या नसा बधिर झाल्यात. खडा रुतला काय, फोड फुटला काय, पत्ताच लागत नाही. पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा, सगळ्यांत लांबचा टप्पा मी ट्रकनंच गेले. जेजुरीपासून चालू लागले. नीरेत माऊलींच्या पादुकांना स्नान घातलं, तेव्हा मी पुलावरूनच हात जोडले.

मुक्कामाला पोचलं की जाऊबाई राहुटीत मोबाइलचा टॉर्च लावून माझे तळवे बघायच्या. बोटांच्या बेचक्या, टाचांच्या भेगा, नखांच्या कडा, काही सोडायच्या नाहीत. लोणंदला करंगळीखाली लाल चट्टा सापडला, तर दुसऱ्या दिवशी मला अर्ध्या वाटेपर्यंत खाली उतरू दिलं नाही.

आणि याच पायांवर लोक डोकं ठेवत होते. वारीत तशी रीतच आहे, समोरचा माऊली म्हणून वाकतो, आपणही वाकायचं. पण वर्षभर माझ्या अंगाला हात लागला तो तपासायला, टोचायला, टाके काढायला. वडिलांच्या वयाच्या एका शेतकऱ्यानं पहिल्यांदा पाय शिवले, तेव्हा तळव्यांना स्पर्शसुद्धा नीट कळला नाही. मी मात्र रस्त्याच्या कडेला बसून रडले.

चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, वारकऱ्यांच्या रांगांमधून माऊलींचा अश्व धावला. त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले असतात, त्याबद्दल मी काय लिहू! मला सांगायचीय ती त्याच संध्याकाळची तरडगावची समाजआरती. तळावर पालखीभोवती सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. टाळांचा नुसता कल्लोळ असतो. शिस्त राखणारे चोपदार हातातला दंड, म्हणजे चोप, उंचावून 'होऽऽ' करतात आणि सगळं एका दमात थांबतं. फक्त ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिनं टाळ थांबवायचा नाही. चोपदार तिच्याकडे जातात, विचारतात, ऐकून घेतात. मग हरवलं-सापडलं, उद्या निघायची वेळ आणि त्यानंतर आरती.

त्या दिवशी एका दिंडीचे टाळ वाजतच राहिले. पाण्याचा टँकर आला नव्हता म्हणे. एवढा समाज चिडीचूप उभा आणि मधूनच तो हट्टी खणखणाट. 'आरतीच्या वेळी कशाला' असं कुणी म्हटलं नाही. चोपदार तिथं जाऊन बोलेपर्यंत सगळे थांबले.

श्रद्धा म्हणजे तक्रार गिळायची, अशी माझी समजूत होती आणि ते मला जमत नव्हतं. इथं खुद्द माऊलींसमोर गाऱ्हाणं मांडायची सोय शिस्तीतच बसवलेली! त्या रात्री राहुटीत पडल्या पडल्या मी विठोबाशी भांडले. मलाच का, चाळिशीतच का, पोरगी दहावीला असतानाच का. उत्तर काही आलं नाही. झोप मात्र लागली, तीही गोळीशिवाय.

फलटणला एका इस्त्रीच्या कपड्यातल्या गृहस्थांनी सल्ला दिला, इंग्रजी औषधं बंद करा, नुसत्या तुळशीवर राहा. मी काही बोलायच्या आत मावशी त्यांच्यावर घसरल्या. मावशींना साखर आहे. त्यांची इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात असते आणि ते मडकं त्या कुणाच्या हाती देत नाहीत. "तुळस डोक्यावं हाय की माज्या, आन् सुई पोटात," त्या म्हणाल्या, "दोनी पायजेत." गृहस्थ पुढच्या दिंडीत दिसेनासे झाले.

त्यामुळे माझं गुपित मावशींना कळलंच. तिरुपतीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

पंढरपुरात दर्शनबारीत उभं राहणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. कळसाचं दर्शन घेतलं, नामदेव पायरीला लांबून नमस्कार केला. वारकऱ्याला तेवढं पुरतं म्हणतात. मला थोडं कमीच वाटलं, खोटं कशाला सांगू. परतीच्या ट्रकमध्ये रात्रीची टॅमॉक्सिफेन, कॅन्सर परतू नये म्हणूनची गोळी, काढली, तर मावशींनी बाटलीचं झाकण उघडून दिलं.

"किती दिस घ्यायची ही?"

"पाच वर्षं तरी."

त्यांनी बोटांवर हिशेब केला. "म्हंजी पाच वाऱ्या. दिवं घाट तेवढा चालायचा ऱ्हायलाय तुजा. पुढल्या साली न्हाई जमला, तर त्याच्या पुढल्या साली."