कुळाचं नाव नंतर, मालकाचं आधी: वेल्समधल्या जुन्या इस्टेटींची दफ्तरं

आम्ही राहतो ते दगडी घर पश्चिम वेल्समध्ये, आबेरिस्टविथच्या मागच्या डोंगरात आहे. विकत घेताना वकिलाने दिलेले कागद पहिल्या महायुद्धानंतरच्या एका खरेदीपाशी थांबतात. त्याआधी इथे कोण राहत होतं, काय पिकवत होतं, हे मला हवं होतं. वेल्सचं राष्ट्रीय ग्रंथालय आबेरिस्टविथलाच पेंग्लाइस टेकडीवर आहे. १९०७ साली स्थापन झालेल्या या ग्रंथालयात जुन्या जमीनदार घराण्यांची दफ्तरं येऊन पडली आहेत.

ऑनलाइन सूचीत घराचं नाव टाकलं. काहीच नाही. सूचीची रचना कळली की यात नवल वाटत नाही. हे कागद जमीनदाराने आपल्या सोयीसाठी रचलेले. आमच्या केरेडिगियन जिल्ह्याच्या उत्तर भागातली कितीतरी जमीन गोगेर्दनचे प्राइस, नान्टेओसचे पॉवेल, ट्राउस्गोइडचे व्हॉन अशा मोजक्या घराण्यांची होती. बाकी सगळी कुळं. तेव्हा आपलं घर कोणाच्या कुळाचं, हे आधी ठरवायचं आणि मग दफ्तरात शिरायचं.

ते ठरवायला टाइथ नकाशे. चर्चला धान्याच्या, लोकरीच्या रूपात द्यायचा दशांश १८३६ च्या कायद्याने पैशात बदलला, आणि त्यासाठी गावोगावचे नकाशे झाले. प्रत्येक शेताला क्रमांक, आणि सोबतच्या यादीत मालक, कसणारा, शेताचं नाव, वापर, क्षेत्रफळ. आपल्या सातबाऱ्यावर पोसलेल्या माणसाला हे वाचायला शिकवावं लागत नाही! वेल्सचे असे बाराशेंहून जास्त नकाशे ग्रंथालयाने फुकट ऑनलाइन ठेवले आहेत. आमच्या घरासमोर मालक म्हणून नान्टेओसचे पॉवेल निघाले.

कसणाऱ्याचं नाव मात्र फार उपयोगी नव्हतं. अख्ख्या खोऱ्यात जोन्स, डेव्हिस, एव्हान्स, मॉर्गन. शिवाय जुन्या रीतीत मुलगा बापाचं नाव मागे लावतो, म्हणजे एव्हानचा मुलगा डेव्हिड एव्हान, आणि त्याचा मुलगा पुन्हा एव्हान डेव्हिड. आडनावावरून वंश काढायला गेलात तर दुसऱ्याच पिढीत वाट चुकते. म्हणून शेताचं नाव धरून चालायचं. माणसं बदलतात, शेताचं नाव सहसा टिकतं, स्पेलिंग काय वाटेल ते असो.

वाचनालयाचं कार्ड फुकट मिळतं. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा जवळ ठेवा. पिशवी, कोट लॉकरमध्ये. आत फक्त पेन्सिल. कागद आधी मागवून ठेवले तर वेळ वाचतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमाल सुटतात, इथे खोकी येतात. फोमच्या उतारावर वही ठेवायची आणि पान उघडं राहावं म्हणून त्यावर वजन भरलेली कापडी दोरी टाकायची. काउंटरवरच्या बाई आधी वेल्शमध्ये बोलायच्या, माझा चेहरा बघून इंग्रजीत यायच्या. मी 'बोरे दा' (वेल्शमध्ये शुभ सकाळ) म्हणायला लागल्यावर त्यांनी इंग्रजीत यायची घाई सोडली.

पहिल्यांदा खंडाच्या, म्हणजे जमिनीच्या भाड्याच्या वह्या मागवा, पत्रं नंतर. वहीत गावानुसार शेतं, कुळाचं नाव, खंड, मागची बाकी. खंडाचे हप्ते २५ मार्च आणि २९ सप्टेंबर या सणांना धरून असायचे. ज्या वर्षी बाकी फुगली किंवा कूळ बदललं, त्या वर्षाच्या पत्रव्यवहारात शिरायचं. नाहीतर पत्रांच्या ढिगात दिवस जातो आणि हाती कोणाच्या तरी शिकारीच्या कुत्र्यांची चौकशी लागते.

जुन्या कागदांना दोन खोडी आहेत. १७३३ पर्यंत न्यायालयीन दप्तर लॅटिनमध्ये. आणि १७५२ च्या आधी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून फेब्रुवारी १७४० असं लिहिलेलं पत्र आपल्या हिशेबाने बहुधा १७४१ चं.

कुळांची पत्रं मोजकीच, आणि जी आहेत ती इंग्रजीत. घरात वेल्शशिवाय शब्द नसायचा, तरी मालकाच्या कारभाऱ्याला लिहायचं तर इंग्रजी हवं. म्हणजे बरीचशी दुसऱ्या कोणीतरी लिहून दिलेली असणार. छपराची दुरुस्ती, खंडात सूट, थोडी मुदत, विषय फिरून फिरून तेच. सुरुवातीची नम्रता वाचून मला वैताग यायचा. पण १८६८ ची निवडणूक आठवली की वैताग ओसरतो. तेव्हा मत उघड द्यावं लागे, आणि मालकाच्या मर्जीविरुद्ध मत दिलं म्हणून याच भागातल्या काही कुळांना शेतं सोडावी लागली. गुप्त मतदान १८७२ मध्ये आलं.

आमच्या वकिलाचे कागद तिथेच का थांबतात तेही इथेच उलगडलं. महायुद्धानंतर इस्टेटींनी जमिनी विकायला काढल्या आणि अनेक कुळांनी कर्ज काढून आपलीच शेतं विकत घेतली. कूळकायद्याची वाट इथे कोणी पाहिली नाही. या लिलावांचे छापील कॅटलॉग जरूर मागवा: नकाशा, क्षेत्र, चालू कूळ आणि खंड एका जागी सापडतात.

ज्यांना वेल्सला येणं शक्य नाही त्यांच्यासाठी ग्रंथालयाने ऑनलाइन ठेवलेली १८५८ पूर्वीची मृत्युपत्रं आहेत. १,९०,००० हून जास्त, घरबसल्या, फुकट. जुन्या मृत्युपत्रांना अनेकदा मालमत्तेची यादी जोडलेली असते: गाई किती, मेंढ्या किती, पितळी भांडी किती. शोधताना नावाबरोबर गावही भरा, नाहीतर जॉन जोन्सच मोजत बसाल.