पंचाचा खांदा

शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना ‘कूनहाउंड’ हा शब्द पहिल्यांदा वाचला, तो एका आजाराच्या नावात. कूनहाउंड पॅरालिसिस. रॅकून, म्हणजे मांजराहून थोडा मोठा, झाडावर चढणारा एक अमेरिकन रानप्राणी, चावल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी कुत्र्याच्या मागच्या पायांतली ताकद जाते आणि लुळेपणा पुढे सरकत येतो. तोंडी परीक्षेला कुणी विचारेल म्हणून पाठ केलं, कुणी विचारलं नाही. आपल्याकडे ना रॅकून, ना त्यांचा माग काढणारे हे कुत्रे. आता मी अमेरिकेत, इंडियाना राज्याच्या दक्षिण भागात, पाओली गावाजवळच्या एका दवाखान्यात असतो, आणि नोव्हेंबर उजाडला की फाटक्या कानाचा एखादा तरी कूनहाउंड रोज माझ्या टेबलावर असतो.

इथल्या लोकांचा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा नाद. रात्री कुत्री सोडायची आणि अंधारात उभं राहून ऐकायचं. स्पर्धेत बंदूक नसते, रॅकूनला कुणी मारत नाही. कुत्र्यानं वास धरायचा, भुंकत माग काढायचा, रॅकून झाडावर चढला की बुंध्याशी थांबून भुंकत राहायचं. माणसं मागून जाऊन बॅटरीच्या झोतात फांद्या धुंडाळतात. वर दोन डोळे चमकले की काम झालं.

चार कुत्र्यांचा गट म्हणजे एक ‘कास्ट’. आपला कुत्रा मागावर भुंकायला लागला की मालकानं ‘स्ट्राइक’ पुकारायचं. पहिल्याला १००, मग ७५, ५०, २५. झाडाशी थांबला की ‘ट्री’ पुकारायचं. पहिल्याला १२५, मग ७५, ५०, २५. रॅकून दिसला तर गुण जमा, झाड रिकामं निघालं तर तेवढेच वजा. ढोलीचं झाड असेल, आत असण्याची शक्यता आहे पण दिसत नाही, तर आकड्याभोवती नुसता गोल, ना जमा ना वजा. सगळा खेळ कानांचा. चार आवाजांतून आपला ओळखायचा आणि तो कधी बदलला ते पकडायचं. मागावर असताना यांचा आवाज लांब हेल काढत येतो, झाडाशी आला की बहुतेकांचा तुटक होतो, लाकूड फोडल्यासारखा. तो बदल जो आधी ओळखेल त्याचे पन्नास गुण जास्त.

आता यात जीपीएस कॉलर आणा.

पूर्वी रेडिओ कॉलर असायची. घडीची अँटेना उघडून माळावर गोल फिरायचं, टिकटिक कुठल्या बाजूला मोठी होते ते बघायचं. २००७ च्या सुमाराला गार्मिन कंपनीचा अ‍ॅस्ट्रो आला, पुढे काही वर्षांनी अल्फा, आणि हातातल्या डब्यावर कुत्र्याची जागा नकाशासकट दिसायला लागली, दर अडीच सेकंदांनी ताजी. शिवाय कुत्रा काय करतोय त्याचं चित्रही. पळतोय, उभा आहे, झाडाला लागलाय. चाल थांबली आणि मान वर गेली की कॉलर ते ओळखते. म्हणजे आवाज टेकडीपलीकडून येण्याआधी डबा सांगून मोकळा.

मी कॉलरच्या बाजूचा माणूस आहे, हे आधीच सांगतो. रस्त्यावर ट्रकखाली सापडलेले हाउंड मी उचलले आहेत. कॉलरच नको, जुनं ते सोनं, असं म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्याबरोबर पहाटे तीनला दवाखान्यात उभं राहावं. पण स्पर्धेत मालकानं डबा बघायचा म्हणजे कानांची शर्यत डोळ्यांनी जिंकायची. म्हणून ज्या रात्रीची ही गोष्ट, त्या रात्रीसाठी आमच्या क्लबात ठरलं होतं ते असं: कॉलर गळ्यात राहील, मालकांचे डबे बंद करून पिशवीत जातील, आणि एकच डबा पंचाकडे असेल. तोही कुत्र्यांचा आवाज हरवला आणि रस्त्याचा धोका वाटला तरच उघडायचा.

पंच मी होतो. ज्याचा स्वतःचा कुत्रा त्या कास्टमध्ये नाही, ज्याला नियम पाठ आहेत आणि ज्याचं कुणाशी वाकडं नाही, असा माणूस क्लबला लागतो. सगळ्यांच्या कुत्र्यांना टाके मीच घालतो, त्यामुळे माझ्याशी वाकडं घेणं कुणाला परवडत नाही.

क्लबहाउसच्या ओट्यावर मास्टर ऑफ हाउंड्सनी, म्हणजे त्या रात्रीच्या मुख्य पंचांनी, चिठ्ठ्या काढल्या. माझ्या वाट्याला आलेली चार कुत्री: डॅन, ट्रीइंग वॉकर जातीचा, पंचविशीतल्या एका पोराचा. रस्टी, रेडबोन. जून, ब्लॅक अँड टॅन मादी, जिल्हा रुग्णालयातल्या एका नर्सबाईंची. आणि बेल, ब्लूटिक, ऐंशीच्या घरातल्या एका आजोबांची. इथं रात्रभर माणसांना कुत्र्याच्या नावानंच ओळखतात, म्हणून मीही माणसांची नावं देत नाही. चौघांनी आपापल्या कॉलरचा फक्त माग दाखवणारा कोड मला दिला. दुसरा कोड असतो त्यातून कुत्र्याला झटका देता येतो, तो कुणी कुणाला देत नाही. बेलवाल्या आजोबांना स्वतःचा कोड काढता येईना, नर्सबाईंनी चष्मा लावून काढून दिला.

लॉस्ट रिव्हरच्या खोऱ्यात गेलो. ही नदी इथं मैलोन्‌मैल जमिनीखालून वाहते. सगळी चुनखडी, जागोजागी जमीन खचून झालेले खड्डे. कुत्र्याचा आवाज अशा खड्ड्यात उतरला की वर येताना दुसऱ्याच दिशेनं येतो. चांगले चांगले फसतात. पूर्वेला राज्य महामार्ग ३७, तोडलेल्या मक्याच्या दोन शेतांपलीकडे.

नऊ वाजून दहा मिनिटांनी पट्टे सोडले. चार मिनिटांत डॅनचा आवाज आला, पोरानं लगेच पुकारलं, १००. मग जून ७५. मग बेल, आजोबांनी जरा उशिरा, ५०. रस्टी २५. कुत्री उत्तरेला गेली, तिथं एका खड्ड्यात सगळा गोंगाट घुमला, मग टेकाड ओलांडून आवाज विरला. आम्ही पाच जण दिवे मालवून उभे. वारा पश्चिमेकडे जात होता, म्हणजे तिकडून काही येण्याची आशा नाही. पूर्वेला महामार्गावर ट्रकचे दिवे सरकत होते. मी तिकडे तोंड करून उभा. सहा मिनिटं झाली, सात झाली.

आठव्या मिनिटाला म्हटलं, “रस्ता बघतो.” पाठ फिरवून डबा उघडला, पडद्यावर टोपी धरली, उजेड कुणाला दिसू नये म्हणून. डॅन आणि रस्टी उत्तरेला, अजून पळत. जून आणि बेल पश्चिमेला सहाशे यार्डांवर, दोघी एका जागी, दोघींपुढे झाडाचं चित्र. रस्त्याकडे कुणीच नाही. डबा बंद केला, पिशवीत टाकला, चेन लावली. “रस्त्याला धोका नाही,” एवढंच बोललो. अगदी सपाट आवाजात, मला वाटलं.

मग वळलो आणि कुंपणाला टेकवलेली काठी हातात घेतली.

“ट्री बेल,” आजोबा म्हणाले.

मी कान टवकारले. काही नाही. दहा-बारा सेकंद गेले असतील. मग वारा पडला आणि पश्चिमेकडून दोन्ही कुत्र्यांचा तुटक आवाज एकदम आला, ठक ठक ठक. “ट्री जून!” नर्सबाई ओरडल्या. मी कार्डावर लिहिलं: बेल १२५, जून ७५. पहिली ट्री पुकारल्यापासून पाच मिनिटं थांबायचं असतं, थांबलो. त्या पाच मिनिटांत कुणी बोललं नाही. वॉकरवाला पोरगा तेवढा अंधारात हसला.

चालायला लागल्यावर नर्सबाई माझ्या बरोबरीनं आल्या.

“डॉक, आजोबांनी पुकारलं तेव्हा तुम्हाला ऐकू आलं होतं?”

“नाही.”

“मला पण नाही. आणि मला यांचे कान माहीत आहेत.”

मी म्हटलं, कधी कधी मालकाला आपल्या कुत्र्याचा आवाज आधी पोचतो. त्या थांबल्या. “तुम्ही पूर्वेला तोंड करून उभे होतात. डबा बघितलात, पश्चिमेला वळलात आणि काठी घेतलीत. कुत्री पळत असती तर काठी कशाला घेतली असती? मी बुटाची नाडी बांधत होते. वर बघत असते तर मी पण पुकारलं असतं.”

माझ्या पोटात खड्डा पडला. डबा मी लपवला, पडद्यावर टोपी धरली, आवाज सपाट ठेवला, आणि अंगानं सगळं सांगून बसलो. मालकांना बंदी, पंचाला मुभा, एवढं केलं की न्याय झाला असं आम्ही धरून चाललो होतो. माहिती एकाकडे असली की ती त्याच्या पायांतून, खांद्यातून झिरपते. मला माहीतच नसतं तर मी आणखी दहा सेकंद पूर्वेला बघत राहिलो असतो.

झाड सिकॅमोरचं होतं, ओढ्याच्या काठाला, चांदण्यात हाडासारखं पांढरं. पान नव्हतं, त्यामुळे शोधायला वेळ लागला नाही. वरच्या बेचक्यात दोन डोळे. बेल ५० आणि १२५, एकूण १७५. जून ७५ आणि ७५, एकूण १५०. पुकारा उलटा झाला असता तर जून २००, बेल १२५. उत्तरेकडे डॅन आणि रस्टीनं धरलेलं झाड रिकामं निघालं, वर काहीच नाही, पोराचं हसू तिथं संपलं. पुढच्या सोडीत चौघांनी एक ढोलीचं झाड धरलं, सगळ्यांचे गोल. दोन तास भरले. पंचवीस गुणांनी बेल पहिली.

क्लबहाउसवर शेंगदाण्याएवढ्या घेवड्याची उसळ आणि मक्याचा पाव ठेवलेला असतो. मी ताट न घेता मास्टर ऑफ हाउंड्सकडे गेलो आणि घडलं ते सांगितलं, माझ्यासकट. त्यांनी ऐकून घेतलं. आजोबांना बोलावून विचारलं, “ऐकून पुकारलंत?” आजोबा म्हणाले, “माझी कुत्री झाडाला होती की नव्हती?” होती. मास्टरांनी बराच वेळ कार्डाकडे बघितलं. मालकानं डबा बघू नये हे आपण ठरवलं, पंचाकडे बघू नये हे कुणी ठरवलंय, असं म्हणून त्यांनी कार्ड आहे तसं ठेवलं. नर्सबाईंनी सही केली. पेन परत देताना मला म्हणाल्या, “पुढच्या वेळी डबा ट्रकमध्ये राहू दे.”

मी सही केली, पण निकाल मला पटला नव्हता. अजूनही पटत नाही. आणि तरीही, आजोबांनी काय चूक केली, हे नेमकं बोट ठेवून मला सांगता येत नाही.

बाहेर ते बेलला पेटीत चढवत होते. मी जवळ गेलो तर स्वतःहूनच बोलले. “आम्ही लहानपणी खेचरावर बसून जायचो. कुत्री टेकडीपलीकडे गेली की खेचराच्या कानांकडे बघायचं. कान वळतील तिकडं कुत्री.” पेटीचं दार लावलं. “तुझे कान वळत नाहीत, डॉक. पण खांदा वळतो.”

मी त्या रात्री झोपलो नाही. नर्सबाईंचा उपाय सोपा होता, पण डबा ट्रकमध्ये ठेवला तर महामार्गाकडे निघालेल्या कुत्र्याला वाचवणार कोण? दुसऱ्या दिवशी डब्याच्या मेनूत बसून शोधलं. नकाशावर एक हद्द आखता येते, कॉलरनं ती ओलांडली की डबा वाजतो. हे मला माहीत होतं, वापरलं कधी नव्हतं. पुढच्या स्पर्धेत कुत्री सोडण्याआधी चौघांच्या समोर महामार्गाच्या अलीकडे शेताच्या बांधावर ती हद्द आखली, डबा पिशवीत टाकला, आणि पिशवीच्या चेनीला माझ्या दवाखान्यातली प्लास्टिकची पट्टी घातली, गुरांच्या कानाला नंबर अडकवतो तसली, तोडल्याशिवाय उघडत नाही अशी. वाजला तर तोडायची, आणि सगळ्यांनी मिळून बघायचं. मास्टरांना हे जरा जास्तच वाटलं. वॉकरवाला पोरगा म्हणाला, एवढं करण्यापेक्षा पंचालाच पोत्यात घाला. माझा रागलोभ नाही, मी हसलो. तीन स्पर्धा झाल्या, एकदा वाजला. रस्टी होता, बांधावर एका सशामागे. पट्टी तोडली, रस्टीला आणलं, त्याचे गुण गेले, कुणाची तक्रार नाही.

पण ते नंतर. बेल जिंकली त्या स्पर्धेनंतरच्या सोमवारी आजोबा बेलला घेऊन दवाखान्यात आले. डावा कान टोकाशी दोन बोटं फाटला होता, तारेनं असावा. कान बधिर करून घेतला, मास्क लावला, सुई घेतली. माझी मदतनीस शेजारच्या खोलीत एका मांजरात अडकली होती, म्हणून आजोबांनीच बेलचं डोकं धरलं. त्यांच्या शर्टाच्या खिशात कानात घालायची दोन्ही यंत्रं होती, प्लास्टिकच्या डबीत, डबी बंद.

“जरा डावीकडे,” मी मास्कमधून पुटपुटलो. त्यांचं लक्ष माझ्या तोंडाकडे नव्हतंच. मी पुढच्या टाक्यासाठी किंचित वाकलो, आणि बेलचं डोकं हवं तेवढं डावीकडे आलं.