यंदाचा किल्ला: जिंजी

आमच्या सोसायटीतल्या पोरांनी यंदा राजगड-प्रतापगड सोडून थेट जिंजी बांधायला घेतला! 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या 12 किल्ल्यांपैकी 11 महाराष्ट्रातले, हा एकटाच तामिळनाडूतला. "मग तो आपला कसा?" यावर राजाराम महाराजांनी जिंजीतून स्वराज्य सांभाळल्याची गोष्ट सांगता सांगता माझा चहा गार झाला. जिंजीच्या तीन टेकड्या म्हणून विटांचे तीन ढीग, वर गोणपाट, त्यावर चिखलाचे थापे. मोहरी पेरलीय. वाघ गुहेत मावत नाहीये, पण असू दे.

संध्याकाळी फुलबाज्या. अंगात सुती कपडे आणि पायात चपला, एवढ्यावर मात्र मी अडून बसले. (झगमगीत घागऱ्यावरून थोडी रडारड झाली.) विझलेली तारसुद्धा चांगलीच चटका देते, म्हणून ती लगेच पाण्याच्या बादलीत. तो 'चुर्रर्र' आवाज ऐकायला चक्क रांग लागली! बॉम्ब आणलेच नाहीत. तळमजल्यावरच्या आजींना दमा आहे आणि गेटवरचा मोत्या आधीच पलंगाखाली असतो.

आता जिंजीचा किल्लेदार कोण, यावर जोरदार भांडण पेटलंय. मध्यस्थीला कुणी मोकळं असेल तर या, चकल्या तयार आहेत.