डंजनेसचे कुरव

इंग्लंडमधील न्यू रोमनीहून निघालेली, पंधरा इंच रुंदीच्या रुळांवर धावणारी चिमुकली वाफेची गाडी डंजनेसला पोचली की समोर दोन दीपगृहे, अणुवीज केंद्राच्या अजस्र इमारती आणि नजर जाईल तिथवर गोटेच गोटे दिसतात. केंटच्या किनाऱ्यावरील हे भूशिर इंग्लिश खाडीत पुढे आलेले असल्यामुळे स्थलांतर करणारे पक्षी येथून अगदी जवळून जातात, आणि म्हणूनच १९५२ साली येथे पक्षीनिरीक्षण केंद्र सुरू झाले. पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे आणि रोजच्या नोंदी ठेवण्याचे काम तेथे चालते.

सप्टेंबरअखेर मी गेलो तो मुख्यतः कुरवांसाठी, म्हणजे सीगल पक्ष्यांसाठी. अणुवीज केंद्रातून समुद्रात सोडलेल्या कोमट पाण्याच्या उसळीबरोबर खाद्य वर येत असे आणि त्यावर कुरव व सुरयांची (टर्न पक्ष्यांची) झुंबड उडत असे. त्या जागेला पक्षीनिरीक्षक ‘पॅच’ म्हणतात. २०१८ पासून वीजनिर्मिती बंद आहे, तरी मासेमारीच्या होड्या गोट्यांवर ओढून ठेवतात तेथे कुरव जमतातच.

हेरिंग कुरवाला प्रौढाचा पिसारा यायला सुमारे चार वर्षे लागतात. त्यामुळे एकाच थव्यात मळकट तपकिरी पिल्लू, अर्धवट राखाडी पाठीचा तरुण आणि प्रौढ पक्षी शेजारी शेजारी बसलेले असतात, आणि ही एकच जात आहे हे नवख्याला पटत नाही. याच गर्दीत पहिल्या वर्षाचा एक कॅस्पियन कुरव सापडला: लांब सडपातळ चोच, मागे उतरत गेलेले कपाळ, पांढऱ्या डोक्यात बारीक काळा डोळा आणि मानेमागे तपकिरी रेघांची जणू शाल. टेलिस्कोपवरून डोळा काढवेना. शेजारीच काळ्या डोक्याचे कुरव होते, हिवाळी पिसाऱ्यात डोळ्यामागे फक्त काळा ठिपका उरलेले. हीच जात थंडीत आपल्या कोकण किनाऱ्यावरही येते. तेथे बोटीवरून त्यांच्याकडे फरसाण फेकण्याची सवय आपण खरोखरच सोडली पाहिजे.

समुद्राकडे तोंड केलेल्या लपणातून गॅनेट हे मोठे समुद्रपक्षी दिसले, पंख मागे घेऊन सरळ पाण्यात घुसणारे. एक आर्क्टिक स्कुआ (दुसऱ्या पक्ष्यांचे भक्ष्य लुबाडणारा समुद्रपक्षी) सँडविच सुरयाच्या मागे लागला आणि चोचीतला मासा सुटेपर्यंत त्याने पाठलाग सोडला नाही. स्कुआंसाठीच जायचे असेल तर मेचा पहिला पंधरवडा निवडावा, कारण त्या दिवसांत पोमरीन स्कुआंचे थवे येथून पूर्वेकडे जातात.